दाराआडील साहेबांस लाडू पाठविल्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. लिहिणार सेवक, नाव सांगण्याजोगे नाही. वाचणारांनी मजकुराकडे पाहावे, हाताकडे पाहू नये. इमारतीतील समस्त मंडळींनी पुसिले की, मंदाकिनीबाईसाहेब परमुलखी पाय मोडून पडल्या ऐसे ऐकिले होते, आणि आता तर तीन जिने आपल्या पायांनी चढून आल्या, हे कैसे जाहले? त्याजवरून बाईसाहेबांच्या तोंडून ऐकिले तैसे लिहिले. चुकले असेल ते सेवकाचे पदरी घालावे. चांगले घडले ते ज्यांनी घडविले त्यांचे.

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध पंचमीस बाईसाहेब राज्यास कुलूप लावून चिरंजीवांकडे निघाल्या. राज्य म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या आणि एक सज्जा, सज्ज्यात गोकर्णाचा वेल. राज्यास चढावयास छप्पन पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि लिफ्टचा ठराव दरवर्षी सभेत येतो व दरवर्षी तहकूब होतो हे मंडळी जाणतातच. यजमान कैलासवासी होऊन आठ वर्षे जाहली, तेव्हापासून कारभार एकहाती. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षे चाकरी केलेली, त्यामुळे इंग्रजी समजते आणि बोलताही येते. फक्त तोंडावर 'नाही' म्हणणे कोणत्याच भाषेत जमत नाही, हा त्या घराण्याचा जुना दोष. चिरंजीव हृषीकेशराव बारा वर्षे उत्तरेकडील हिममुलखी राहतात, सूनबाई मृण्मयीबाई तेथेच नोकरी करितात, आणि सरकारचा परवाना मातुःश्रींस सहा महिने राहण्याचा. मार्गशीर्षात बर्फ पडिले आणि बाईसाहेब दूध आणावयास म्हणून निघाल्या आणि दारापुढेच घसरल्या आणि उजव्या पायाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. पौष वद्यात ते काढिले तेव्हा पाय ऐसा बारीक जाहला होता की बाईसाहेबांस तो दुसऱ्या कोणाचा वाटला. मग व्यायाम शिकविणाऱ्या वैद्यबाईंनी तपासून सांगितले की, हाड सांधले, परंतु मांडीतले बळ गेले. तीन महिने जिममध्ये यंत्रांवर नेमाने मेहनत कराल तर जिने चढाल, न कराल तर काठी कायमची आणि जिने वर्ज्य. हृषीकेशराव म्हणाले की, मग इकडेच राहावे, परवाना वाढवून घेऊ, खालची खोली आहे, गरम पाणी चोवीस तास आहे. बाईसाहेबांनी उत्तर केले नाही. जिना चढता न आला तर राज्य गेले, हे त्या समजून चुकल्या होत्या, आणि लेकाच्या घरी कितीही सुख असले तरी ते लेकाचे घर.

त्या नगरात एक जिम अति नामांकित होते. जमिनीपासून छतापर्यंत काचा, आत पळावयाचे पट्टे पन्नास, त्यांवर माणसे जिवाच्या आकांताने पळत आणि जागच्या जागी राहत, आणि नौबतीसारखे संगीत अखंड चाललेले. माघ शुद्ध षष्ठीस मायलेक तेथे दाखल जाहले. दारातच डॅरेन नामे तरणा गृहस्थ सामोरा आला. जिमचे सभासद करून घेणे हे त्याचे काम. त्याने बाईसाहेबांस खुर्ची दिली, पाणी दिले, कॉफी दिली, आणि पुसिले की, आपले स्वप्न काय? बाईसाहेब म्हणाल्या, छप्पन पायऱ्या. ते त्याने कागदावर लिहून घेतले आणि त्याखाली दोन रेघा ओढिल्या. मग सर्व जिम हिंडून दाखविले. हृषीकेशरावांनी दर पुसावा आणि त्याने नवे यंत्र दाखवावे, पुन्हा पुसावा आणि त्याने टॉवेल किती मऊ ते दाखवावे, ऐसे तीन वेळा जाहले. अखेर दर सांगितला आणि म्हणाला की, ही सवलत आज सूर्यास्तापर्यंतच. आणि त्या मुलखी माघात सूर्य साडेचारासच मावळतो.

तेव्हा हृषीकेशरावांनी आपल्याकडील रामबाण सोडिला की, घरी विचारून सांगतो. आपल्या मुलखी हे वाक्य बोलिले म्हणजे बोलणारा सुटतो, ऐकणारा समजतो आणि दोघे हसतमुखाने वेगळे होतात. डॅरेन म्हणाला, घरी कोण असते? आता घरची वडीलधारी तर शेजारीच कॉफी पीत बसलेली. हृषीकेशराव गडबडले आणि बोलून गेले की, पत्नी. तो म्हणाला, मग फोन लावावा, मी थांबतो. मृण्मयीबाई कचेरीत होत्या, त्यांनी सर्व ऐकिले आणि त्याही त्याच घराण्याच्या झालेल्या, म्हणून म्हणाल्या की, बघू या. मग डॅरेन उठला आणि मागे एक दार होते, त्यावर व्यवस्थापक ऐसी पाटी, त्या दारात शिरला आणि बऱ्याच वेळाने कपाळ पुसत बाहेर आला आणि बोलिला की, तुमच्यासाठी साहेबांशी भांडलो, एक महिना अधिक मिळविला. हृषीकेशरावांनी तरी होकार दिला नाही. तो पुन्हा आत गेला, पुन्हा आला, म्हणाला की, आता माझ्या नोकरीवर बेतले होते, पण दुसरा महिनाही मिळविला. मग कराराचा कागद आणि भेट म्हणून एक झाकणाची मोठी बाटली हातात दिली. हृषीकेशराव उद्या येतो म्हणून निघाले. त्यानंतर दोन दिवस डॅरेनचे निरोप मोबाइलवर सकाळ दुपार संध्याकाळ येत राहिले.

येथे मंडळींनी नीट ध्यान द्यावे. दुसरा कोणी असता तर निरोपांनी वैतागला असता. बाईसाहेबांस घोर लागला तो निराळाच. त्या सूनबाईंस म्हणाल्या की, ओळख ना देख, त्या बापड्याने माझ्या पायापायी आपल्या साहेबाशी वाकडे घेतले. साहेबाने मनात धरिले तर? आणि बाटली आली ती रिकामी परत करणे आपल्यात नाही. मग स्वयंपाकघरात मोहीम मांडली. काठी ओट्यास टेकवून बाईसाहेबांनी पोह्यांचा चिवडा केला आणि बाटलीत गच्च भरिला. पायासाठी म्हणून डिंकाचे लाडू वळून ठेविले होते, त्यांतले नऊ काढून चांगल्या कागदात बांधिले. अष्टमीस हृषीकेशरावांसह जिममध्ये जाऊन बाटली डॅरेनच्या हाती दिली आणि पुडकेही दिले आणि म्हणाल्या, "हा चिवडा तुमचा. आणि हे लाडू तुमच्या साहेबांचे. त्यांना म्हणावं, माझ्यामुळे तुमच्यात भांडण नको. मी वयाने मोठी आहे, माझ्याकडून माफी मागते म्हणून सांगा."

डॅरेनने पुडके घेतले. दाराकडे पाहिले, पुडक्याकडे पाहिले, आत गेला, आणि या खेपेस इतका वेळ आत राहिला की हृषीकेशराव घड्याळ पाहू लागले. बाहेर येऊन म्हणाला की, साहेबांनी आभार मानिले. बाईसाहेबांस फार बरे वाटले. त्यांनी पुसिले की, साहेबांस साखरेचा त्रास तर नाही ना? तो म्हणाला, नसावा. बाईसाहेबांनी पुसिले, नाव काय त्यांचे? त्यावर तो लगबगीने पाणी आणावयास गेला. त्या दिवशी त्याने सवलतीचे नाव काढिले नाही आणि सही मागितली नाही. निरोपही बंद पडिले. परंतु आता पेच असा की, दोन्ही पक्षांचे खाणेपिणे जाहलेले, त्यावर पाठ फिरविणे बाईसाहेबांस अगदी बरे दिसेना. म्हणून दशमीस त्या आपण होऊनच लेकासह सही करावयास गेल्या.

कागद मांडिले. बाईसाहेबांनी चष्मा लाविला आणि लेखणी हाती घेतली. डॅरेनने खाली पाहत पुसिले की, त्या छप्पन पायऱ्या आहेत कोठे? त्या म्हणाल्या, माझ्या देशात, मे महिन्यात परत जायचे आहे. तेव्हा त्याने कागदावर आडवा हात ठेविला. मग उठून, त्यांस हात देऊन मागील दारापाशी नेले आणि दार उघडिले. आत एक बादली, पुसणे, बाटल्यांची खोकी आणि एक कॉफीचे यंत्र. यंत्रावर लाडवांचे पुडके, दोरा सोडिलेला नाही. डॅरेन म्हणाला, "आत कोणी नाही. कधीच नव्हतं. मी इथे येऊन कॉफी पितो आणि बाहेर जाऊन भांडलो म्हणून सांगतो." मग म्हणाला, "चिवडा माझा होता, तो खाल्ला. हे माझे नव्हते. आणि सही करू नका. करार दोन वर्षांचा आहे. नववं कलम वाचा, देश सोडून गेलात तरी सुटका नाही." आणि त्याने सांगितले की, वाचनालयाच्या मागे नगरपालिकेची व्यायामशाळा आहे, तेथे आग्नेसबाई म्हणून आहेत, रोज जावे आणि रोजचे तिकीट घ्यावे, कोणी अडकवीत नाही. बाईसाहेब उगीच दाराची मूठ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तर मग हेही तुम्हीच खा. रोज एक, दुधाबरोबर."

कोणी म्हणेल, लबाड सापडला. सेवकास तैसे म्हणवत नाही. लबाडी ही त्याची चाकरी होती. खरे बोलिला तो आपल्या पदरचे बोलिला, आणि त्यापायी त्याचे त्या महिन्याचे काम बुडाले असेल. बाईसाहेब आजही त्याचे नाव निघाले की हात जोडितात.

परतताना सिग्नलपाशी गाडी थांबली तेव्हा हृषीकेशराव म्हणाले, "आई, मी वाचलं होतं ते कलम. पहिल्याच दिवशी."

बाईसाहेबांनी पुसिले की, मग बोलला का नाहीस?

"दोन वर्षं लिहिलेली पाहून मला बरं वाटलं. म्हटलं, सही झाली की तू पैसे वाया घालवून जाणार नाहीस. राहशील."

मागील गाडीने भोंगा वाजविला तेव्हा सिग्नल हिरवा जाहल्याचे कळले. बाईसाहेब रागावतील ऐसे हृषीकेशरावांस वाटले होते. त्या म्हणाल्या, "तू राहा म्हणालास तेव्हा मी उत्तरच दिलं नाही. मलाही कुठे नाही म्हणता येतं? आता म्हणते. नाही राहणार रे. पण तुला मी हवी आहे, हे इतकं कळलं नव्हतं मला, ते कळलं. बरं झालं." ऐसे म्हणून त्यांनी गिअरवरील त्याच्या हातावर हात ठेविला आणि घर येईतो काढिला नाही.

मग एकादशीपासून नगरपालिकेच्या व्यायामशाळेत जाणे सुरू जाहले. जुनी इमारत, रंग उडालेला, यंत्रे सहा, त्यांतील एक कुरकुरते, आणि एक कोमट पाण्याचा तलाव. आग्नेसबाई साठीच्या, गळ्यात शिट्टी, बोलणे थोडके. त्यांनी स्वप्न पुसिले नाही. पुसिले इतकेच की, पायऱ्या किती उंच? बाईसाहेबांनी हात आडवा धरून दाखविले. आग्नेसबाईंनी तलावाच्या बाजूस प्रेक्षकांच्या सज्ज्याकडे जाणारा जिना दाखविला आणि म्हणाल्या की, चौदा आहेत. चार वेळा चढलात की आपले घर आले. पहिल्या दिवशी तीन पायऱ्या जाहल्या आणि बाईसाहेब कठड्यास धरून रडल्या. आग्नेसबाईंनी समजूत घातली नाही, खुर्ची आणून मागे ठेविली. माघ गेला, फाल्गुन गेला. पाण्यात चालणे, यंत्रावर पाय लोटणे, मग जिना. सकाळी हृषीकेशराव कचेरीस उशिरा जाऊ लागले आणि मातुःश्रींस स्वतः नेऊ लागले आणि खाली उभे राहून पायऱ्या मोठ्याने मोजू लागले. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर लागले त्या पाडव्यास दोन फेऱ्या पुऱ्या जाहल्या. रामनवमीस तीन. काठी आग्नेसबाईंच्या टेबलाखाली पडून राहू लागली. आणि जसजसा आकडा वाढे तसतसा हृषीकेशरावांचा आवाज बारीक होई, हे बाईसाहेबांच्या कानांनी टिपिले होते. टेलिफोन खात्यातले कान ते.

वैशाख शुद्ध तृतीयेस, परवाना सरावयास सात दिवस उरले असता, बाईसाहेबांनी चौथी फेरी धरिली. त्रेचाळीस, चव्वेचाळीस ऐसे हृषीकेशराव मोजीत होते. पन्नासास त्या थांबल्या, दम घेतला, कठडा सोडिला आणि पुन्हा निघाल्या. पंचावन्न म्हणून हृषीकेशराव थांबले. बाईसाहेब शेवटच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. खालून आवाज येईना. तलावातील मंडळींचे पोहणे चालले होते, तेवढाच पाण्याचा आवाज. त्यांनी मागे वळून पाहिले नाही आणि घाईही केली नाही. मग खालून, अगदी हळू, हृषीकेशराव म्हणाले, "छप्पन."

सप्तमीस बाईसाहेब विमानात बसल्या आणि नवमीस मंडळींच्या डोळ्यांदेखत तीन जिने चढल्या, ते सर्वांनी पाहिलेच. येणेप्रमाणे राज्य राखिले. या कामी वैद्यबाईंचे उपकार, मृण्मयीबाईंचे, डॅरेनचे, आग्नेसबाईंचे, आणि दाराआडील त्या साहेबांचेही, की जे नव्हते म्हणून सर्व नीट जाहले. परंतु थोर उपकार हृषीकेशरावांचे. त्यांच्या मनात नव्हते, तरी त्यांनी पुरते मोजिले.