हरळीला विळा लावू नये

वडीगोद्रीच्या एसटीडी बूथमध्ये एक गृहस्थ रिसीव्हर कानाला न लावता मनगटाला लावून उभे होते. बाहेर रांग लागलेली, मीटरचे लाल आकडे धावत सुटलेले आणि हे डोळे मिटून चिडीचूप. रांगेतला एक जण वैतागून म्हणाला, "ओ, बोला ना कायतरी." तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "मी न्हाई, नाडी बोलून राह्यली."

हे आमचे घरमालक, साहेबराव काका. मी गावच्या शाळेवर मास्तर म्हणून नुकताच आलो होतो आणि त्यांच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं होतं. फोनच्या पलीकडे कुठल्या तरी लांबच्या गावचा वैद्य असायचा. तो नाडी ऐकून रोग सांगायचा आणि पोस्टाने पुड्या धाडायचा. त्या दिवशी त्याने काकांना कफ सांगितला. मी म्हटलं, "काका, लाइनीत खरखर असेल, ती त्याला कफ वाटली." काका माझ्याकडे दयेने बघून म्हणाले, "गुरुजी, तुमचं शिक्षण आडवं येऊन राह्यलं."

काका अडाणी होते असं कुणी समजू नये. हमरस्त्यावर त्यांचं बी-बियाणांचं दुकान होतं आणि बियाण्याच्या बाबतीत इतका संशयी माणूस अख्ख्या तालुक्यात नसेल. जालन्याहून माल आला की आधी एक पिशवी फोडायची, दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती उगवतात ते बघायचं. माल घेऊन आलेल्या माणसाने चकचकीत पत्रक पुढे केलं की काका ते बाजूला सारत. "उगवून दाखवा, मंग बोला." उगवण कमी भरली तर सगळ्या पिशव्या परत टेम्पोत.

औषधाचं नाव निघालं की मात्र यांची सगळी हुशारी गहाण पडायची. रोज सकाळी ओट्यावर बसून वेगळ्या रंगाचा ग्लास. कधी दुधी, कधी कारलं, कधी गव्हाचे कोवळे अंकुर. अंकुर त्यांनी घमेल्यांत लावले होते, ते शेजारची शेळी खाऊन गेली. पुढे महिनाभर काका ज्याला त्याला त्या शेळीची तब्येत दाखवत होते. मग ट्रॅक्टरच्या टेपचा स्पीकर फोडून त्यातलं चुंबक त्यांनी पाण्याच्या माठाखाली ठेवलं. ट्रॅक्टर मुका झाला आणि काकांचे गुडघे होते तसेच दुखत राहिले. मला नुसती शिंक आली तरी त्यांच्या खिशातून पुडी निघायची. ती मी गुपचूप परसातल्या लिंबाच्या झाडाला घालायचो. लिंबाची पानं पिवळी पडली, तेव्हा काकांनी लिंबालाही एक पुडी दिली.

कौसाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, फार बोलायच्या नाहीत. पुढे ग्लास आला की नाक दाबून रिकामा करायच्या आणि माझ्या बायकोला, कुसुमला म्हणायच्या, "पिकाला फवारा, मला काढा. सुटका कुणाचीच न्हाई."

एका उन्हाळ्यात धुणं वाळत घालताना काकूंनी कुसुमचा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला. सुपारीएवढी गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. कुसुमने मला सांगितलं, मी काकांना सांगितलं आणि आम्ही काकूंना अंबडच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून स्पष्टच सांगितलं की कॅन्सर असू शकतो, औरंगाबादला जा, तपासणी करा, बहुधा कापून काढावी लागेल, आणि उशीर करू नका.

'कापून' ऐकताच काका खुर्चीतून उठले. परतीच्या एसटीत मलाच समजावू लागले. "शेतात माजलेली हरळी बघितली ना गुरुजी? विळा लावला की तुकड्यातुकड्याला फुटती. एका जागची दहा जागी होती. गाठीचं बिलकुल तसंच. लोखंड लागलं की पसरती. मी दुनियेला सांगतो हरळीला विळा लावू नका, आन् घरच्या बाईला लावू?" हे ऐकायला इतकं पटण्यासारखं होतं की पुढच्या सीटवरचा अनोळखी माणूसही मान डोलवायला लागला.

मग लेप सुरू झाले. पाल्याचे, चुन्याचे, कसल्याशा राखेचे. घरात असा वास कोंदला की माझ्याकडे आलेले शाळेचे तपासनीस चहासुद्धा न घेता गेले. काकूंनाही बूथमध्ये नेण्यात आलं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, आधी फोनलाच नमस्कार केला आणि मग रिसीव्हर मनगटाला लावला. रक्तातली उष्णता आहे, हळूहळू विरघळेल, असं वैद्याने सांगितलं. काका लग्न जमल्यासारखे हसत बाहेर आले. "विरघळती म्हणतो," रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होते.

कुसुमने एकदा त्यांना गाठलंच. "काका, बियाण्याला म्हणता उगवून दाखव. या वैद्याला कधी म्हणालात, एखादी गाठ विरघळवून दाखव?"

"बियाण्यात नुसता पैसा जातो पोरी," ते म्हणाले. "इथं मानूस हाय. इथं इस्वास लागतो."

पावसाळा संपला. गाठ विरघळली नाही, लिंबाएवढी झाली. काखेत दुसरी आली. दिवाळीनंतर वरची कातडी फुटली आणि काकूंच्या पदराला ओल दिसायला लागली. तेव्हा एका सकाळी काकूंनी चपला घातल्या आणि अंगणात उभ्या राहिल्या. "हरळी मीबी सारा जलम काढली," त्या काकांना म्हणाल्या. "विळ्यानं न्हाई काढत. कुदळीनं खणून, मुळीसगट काढतेत. आन् कवळी असतानाच. चला आता." एवढं लांबलचक बोलताना त्यांना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. काका मुकाट्याने त्यांच्यामागे निघाले.

औरंगाबादच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "इतके दिवस कुठे होता?" काका म्हणाले, "घरीच." ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली, काकूंचे केस गेले. गाठ लहान होती तेव्हा आला असतात तर बरं होण्याची खूप आशा होती, आता रोग यकृतापर्यंत गेला आहे, असं बाईंनी सांगितलं. काका बाहेर येऊन बाकावर बसले.

"गुरुजी, मला कळत नव्हतं व्हय?" ते म्हणाले. "अंबडलाच कळ्ळं व्हतं. डॉक्टर म्हने उशीर करू नका, आन् तो फोनवरचा म्हने काई होत न्हाई. मला काई होत न्हाई हेच ऐकायचं व्हतं. तेवढं ऐकायला जात राह्यलो."

आत खाटेवर काकू कुसुमला सांगत होत्या, "त्या काढ्यानं गाठ जाईल असं मला कधीच वाटलं न्हाई. पन पेले न्हाई तर ह्यांच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई." दोघंही एकमेकांना जपत राहिली आणि हातातला वेळ निघून गेला. त्या वैद्याचा मला आजही संताप येतो. काकू पुढचा उन्हाळा बघू शकल्या नाहीत.

त्यानंतर काकांना नवंच वेड लागलं. बियाणं घ्यायला जोडपं आलं की ते भर दुकानात विचारायचे, "बाई, छातीत, काखेत कुठं गाठबिठ हाय का?" गावात बोंबाबोंब झाली. म्हातारा बिघडला, असं लोक उघड म्हणायला लागले. एकाने तर त्यांची कॉलर धरली. मी म्हटलं, "काका, एखाद्या दिवशी मार खाल." "खाईन की," ते म्हणाले.

एका जूनमध्ये पाऊस चांगला झाला आणि दुकानापुढे ही गर्दी उसळली. मी शाळेतून परत येत होतो. काकांनी सवयीप्रमाणे एका बाईला प्रश्न विचारला आणि तिचा नवरा भडकला. "तुमाला काय करायचं? बियानं द्या निस्तं." पिशवी खांद्यावर टाकून तो तरातरा रस्त्यावर आला. बाई मात्र दुकानाच्या पायरीवर बसली. तो हाका मारत होता आणि ती पदराआडून काखेशी हात धरून, खाली मान घालून बसून होती.

काकांनी ऐन पेरणीच्या गर्दीत दुकानाचं शटर ओढलं. लोक ओरडत राहिले. काका रस्त्यावर गेले, त्या माणसाच्या खांद्यावरची पिशवी उतरवून माझ्या हातात दिली आणि दोघांना घेऊन औरंगाबादच्या एसटीची वाट बघत उभे राहिले. एसटी दिसली तसा तो माणूस एक पाऊल मागे सरकला. काकांनी त्याचा हात धरला.

"भ्या वाटतंय ना?" ते म्हणाले. "मलाबी वाटलं व्हतं. चल, मी बसतो तुझ्या बाजूला."