मालवणची भरती सुटली हो!

अकोल्यात समुद्र नाही, हे मधुकरकाकांना मान्य नाही. सकाळी दूध घ्यायला फाटकाशी आले, की मोबाइलमध्ये बघून ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी घोषणा करतात, "मालवनची भरती सुटली हो! ओहोटी जेवनाच्या टायमाले लागंन!"

काकांची उभी हयात बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून गेली. त्यामुळे भरती काय किंवा लडाखहून कोकणात उतरणारे कुरव पक्षी काय, त्यांच्या लेखी सगळ्या गाड्याच. दिवाळी सरली, की दुसरी घोषणा येते, "लडाखवरून सुटलेले कुरव कोकनात लागले. राईट टायम!"

हे कुरव आणि डॉल्फिन डोळ्यांनी बघायला मालवणला जायचं, असं आमचं कित्येक वर्षांपासून ठरतंय. त्यासाठी दर मंगळवारी संध्याकाळी काकांच्या ओसरीवर मीटिंग भरते. सभासद म्हणजे काका, मी आणि गल्लीतले टेलर रफिकभाई. काकू गेल्यापासून काका स्वतःच रांधतात, आणि त्यांच्या हातचं वांग्याचं भरीत असं, की मीटिंग बुडवायची आमची छाती होत नाही.

तयारीत कसूर नाही. बोटीची सवय व्हावी म्हणून झोपाळ्यावर बसायचं, आणि झोके घेता घेता दुर्बिणीतून समोरच्या तारेवरचा कावळा न सोडता बघायचा. रफिकभाईंना दोन झोक्यांतच मळमळलं. मला तर काकांनी अकोल्याच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, रेनकोट घालून बसवलं होतं. "लाटेचं पानी उडते न बाप्पा! सवय नको?"

निघायची वेळ आली, की मात्र गाडी रद्द. एकदा अमावास्या आडवी आली, एकदा "डॉल्फिन सध्या खोल पान्यात हायेत", आणि एकदा तर हवा दमट होती. समुद्रावरची हवा!

शेवटी यंदा मी आणि रफिकभाईंनी काकांना न विचारता रेल्वेची तिकिटं काढली, मालवणच्या बोटवाल्याशी बोललो, आणि मंगळवारी तिकिटं त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"काका, अब बहाना नहीं चलता," रफिकभाई हसत म्हणाले.

काका हसले नाहीत. त्यांनी तिकिटं उलटसुलट पाहिली, आमच्या ताटात भरीत वाढलं आणि लगेच पुन्हा वाढलं. माझं डोकंच फिरलं.

"काका, आता काहून तोंड पाडून राहिले तुमी?"

"जाऊ न. पाहू बी सारं." काका भरताच्या पातेल्याकडे बघत म्हणाले, "पन एकदा पाहून आलो, का मंग मंगळवारी तुमी कायले याल माह्याकडे?"

माझा घास हातातच राहिला.

रफिकभाई मात्र हात धुऊन उठले आणि थेट झोपाळ्यावर जाऊन बसले. "मालवन तो हो गया समझो. उसके बाद अंदमान जाना है, काका. वहाँ की बोट बड़ी. मेरी प्रॅक्टिस आज सेच चालू."

झोपाळा हलला. रफिकभाईंचा चेहरा पांढरा पडायला लागला, तरी त्यांनी दुर्बीण सोडली नाही. काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसून त्यांनी खणखणीत आवाज लावला, "अंदमानकडे जानाऱ्या प्रवाशांनी ध्यान द्यावं! मालवनवरून आल्यावर मंगळवारी इथंच यायचं. जेवाले."