अमेरिकेच्या लखोट्याला हळदकुंकू

वस्तू जपावी तर मी, हे माहेरीसुद्धा सगळे मान्य करत. म्हणून यांचं हैदराबादहून पत्र आलं त्याच दुपारी मी ट्रंक भरून टाकली.

दोन वर्षं हे तिकडं नोकरीला आणि मी इथं तुळजापुरात. लेक बापाला फोटोवरून ओळखते. आता यांना एक शेठ घरमालक भेटला होता, तिकिटांचा वेडा. तीसेक वर्षांपूर्वी मामंजींच्या घड्याळाच्या दुकानात अमेरिकेहून पत्रं येत. त्यांवरचं, लांब गुंडाळीतून एकेक तोडून विकतात तसलं तिकीट लखोट्यासकट मिळालं, तर बागेतल्या दोन खोल्या तो आम्हाला देणार होता. "ते तिकीट वरून-खालून सपाट, दाते फक्त दोन्ही बाजूंना. सोडवू नकोस, पाणी लावू नकोस," असं यांनी बजावलं होतं.

म्हणजे अगदी आमच्या ईरण्णा पोस्टमनच्या तोंडासारखं! तिसऱ्या दिवशी माळ्यावर लखोटा सापडला. मी तो लेकीपासून लपवला, उंदरांपासून लपवला. सासूबाईंपासून लपवायचं सुचलं नाही.

"कोपरा फाटलाय गं ह्याचा. कोण मेलंय?"

"कुणी न्हाय, आत्याबाई. मामंजींनी फोडताना फाटला असंल."

"मयताच्या पत्राचाच कोपरा फाडत्यात. अन् असला कागद माझ्या लेकाला धाडतीस? घर मिळवायला?"

लखोटा कापडात शिवायला मी सुईदोरा घेऊन येईस्तोवर त्यांनी चारी कोपऱ्यांना ओली हळद लावली, वर कुंकू. तिकीट चौथ्या कोपऱ्यात होतं.

"आता कसं शुभ झालं," त्या म्हणाल्या.

दुसरा मिळेना, म्हणून तोच पाठवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. "शेठनी भिंग लावलं. तिकीट अस्सल म्हणाले, हळदही अस्सल. खोल्या मात्र बिनडागाच्या तिकिटालाच. लखोटा मी उशाशी ठेवलाय. घराचा वास येतो."

मी ट्रंकेवर बसून रडले. सासूबाईंनी आपल्या लुगड्यांच्या घडीतून एक लखोटा काढला. "ह्यो दुकानाचा पहिला. ने, धाड."

कोपरे शाबूत. तिकीट वरून-खालून सपाट! मी उजेडात धरला. चारी कोपऱ्यांना फिकट पिवळे डाग.

"तवा नवी नवरी होते मी," सासूबाई लाजल्या. "त्यांनी हातात दिला, लगीच हळद लावली."

त्या डागांवर मी माझ्या बोटानं ताजी हळद लावली आणि तोही पाठवला. शेठसाठी नव्हे, उशीसाठी.

ट्रंकेतली लुगडी तेवढी उन्हात घातलीत. कसर लागते.