माग बंद, परीक्षा चालू

"कल्याणी, परीक्षा हुबळीला जाऊन दे. ह्या घरात देवाची पूजा हुईस्तवर कोण गप्प बसत न्हाय, तुझ्या परीक्षेला कोण बसणार?"

माझ्या सासूबाई, जयाबाई, असं मला स्वच्छ शब्दांत म्हणाल्या होत्या. मी हसले. इंजिनिअर सून सासूच्या सल्ल्यावर जशी हसते, अगदी तशी. कारण माझ्याकडे प्लॅन होता.

मी बंगळूरच्या एका कंपनीचं काम वडगावातल्या आमच्या माडीवर बसून करते. काम नेटवर्किंगचं. म्हणजे कॉम्प्युटरांना एकमेकांशी बोलायला लावायचं, आणि ते बोलेनासे झाले की चूक कुणाची ते शोधायचं. लग्न झालेल्या बाईला हे काम अवघड जाऊ नये. पण कंपनीनं यंदा नियम काढला: नेटवर्किंगची वरच्या पातळीची परीक्षा जो पास होईल तोच घरून काम करील, बाकीच्यांनी बंगळूरला हजर व्हायचं. माझी ओवी आत्ता कुठं दोन वर्षांची झालीय. तिला तिकडं नेलं तर दिवसभर सांभाळणार कोण? आणि इथं ठेवून गेले तर मला कोण सांभाळणार?

तर पास व्हायलाच हवं होतं. परीक्षा हुबळीच्या केंद्रात देता येते तशी घरबसल्याही देता येते, पण अटी अशा की सोवळं परवडलं. खोलीत दुसरं माणूस नको. माणसाचा आवाज नको. जागेवरून उठायचं नाही, इकडंतिकडं बघायचं नाही, प्रश्न पुटपुटायचा नाही. कुठंतरी बसलेला एक पहारेकरी कॅमेऱ्यातून सगळा वेळ आपल्यावर नजर ठेवून असतो.

आता आमच्या घरी माडीखाली दोन पॉवरलूम. माग सुरू झाले की माडीवरचा पेला टेबलावरून आपोआप चालत कडेला येतो. समोर माग, शेजारी माग, पाठीमागं माग. अशात परीक्षा कशी द्यायची? म्हणून मी मंगळवार निवडला. आषाढात देवीच्या यात्रेआधी आमची गल्ली वार पाळते. त्या दिवशी काम बंद, माग बंद. वर्षातला सगळ्यात शांत दिवस मी बरोबर हेरला. नवऱ्याला म्हटलं, "बघ, याला म्हणतात नियोजन." आदर्श नुसता "हं" म्हणाला आणि उद्यमबागेला कामावर निघून गेला.

मंगळवारी सकाळी ओवीला न्हाऊ-खाऊ घालून झोपायच्या वेळी आईंकडं, म्हणजे सासूबाईंकडं, दिलं आणि माडीवर गेले. दाराला कडी मात्र लावली नाही. पोरगी पडली-झडली तर? पहारेकऱ्याला लॅपटॉप फिरवून खोली दाखवली. टेबलाखालचं दाखवलं. कान दाखवले. भिंतीवरच्या देवीच्या फोटोकडं त्यानं संशयानं बघितलं, म्हणून देवीला नमस्कार करून भिंतीकडं तोंड करून ठेवलं. परीक्षा सुरू झाली.

आणि मला आयुष्यात पहिल्यांदा आमची गल्ली ऐकू आली.

तुम्हाला सांगते, मागवाल्यांच्या गल्लीत कुणी बोलत नाही. सगळे ओरडतात. जन्मभर मागाच्या वरताण बोलून गळेच तसे झालेत. एरवी ते मागाच्या आवाजात बुडून जातं. त्या दिवशी माग गप्प होते आणि गळे चालू होते. समोरच्या गुणाबाईंनी शेजारणीला सांगितलेलं एक खासगी दुखणं मला औषधाच्या नावासकट कळलं.

पडद्यावर पहारेकऱ्याचा निरोप उमटला: "खोलीत कुणी बोलतंय का?"

मी लिहिलं: "नाही. बाहेर."

तेवढ्यात खाली माझे सासरे, चिंतामणीमामा, दाराच्या कट्ट्यावर येऊन बसले. सुनेच्या परीक्षेसाठी गल्ली गप्प ठेवायची, असं त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

"ए गुणाबाई, हळू बोल. सून परीक्षेला बसलीया," मामा गरजले.

"कसली परीक्षा?"

"कॉम्प्युटरची. लई मोठी."

"आनी काय शिकायचं र्‍हायलंय तिचं? लेकरू झालं की."

"अगं, हिकडनं पाकीट निघालं की तिकडं कुठल्या वाटंनं धाडायचं, ते ठरवायचं असतंय. जवळच्या वाटंनं धाडायचं, इचारायचं काय त्यात?"

नेमका त्याच वेळी माझ्यापुढचा प्रश्न होता: डेटाचं पाकीट धाडायला दोन मार्गांपैकी राउटर कुठला निवडेल? मामांचं उत्तर साफ चूक होतं. पण पहारेकऱ्याला मराठी येत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की बाहेरून एक पुरुष ठामपणे काहीतरी सांगतोय आणि लगेच बाईनं उत्तरावर टिचकी मारली.

"बाहेरचा माणूस काय सांगतोय?"

"तो सगळ्यांना गप्प राहायला सांगतोय," मी लिहिलं. खरं सांगूनही इतकी खोटी मी कधी वाटले नव्हते.

आणि मग ओवी रडायला लागली.

आमची पोरगी जन्मल्यापासून मागाच्या खटखटीत झोपलीय, हे मला माहीत होतं. माग बंद असला तर ती झोपणारच नाही, हे मात्र नियोजन करणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नव्हतं. आईंनी थोपटलं. गाणं म्हटलं. मग पोळपाटावर लाटणं आपटून खटखट करून बघितली. ओवीनं त्यावर सूर आणखी चढवला. वर माझा जीव अर्धा खाली, अर्धा राउटरात.

"अहो," आईंचा आवाज आला, "लावा की एक माग. दार लावून घ्या. जरासाच."

"आज वार हाय गं."

"तिची परीक्षा गेली तर नात जाईल बंगळूरला. मग पाळा वार."

खाली माग सुरू झाला. ओवी त्या क्षणी गप्प झाली. पहारेकरीही गप्प. मी भराभर प्रश्न सोडवायला लागले. पण सगळी गल्ली निजल्यासारखी असताना एकटा माग वाजला, तर तो कुणाचा ते शोधायला नेटवर्किंग शिकावं लागत नाही.

"चिंतामणी," गल्लीतले थोरले, भावकूआण्णा, दारात ओरडले, "वारादिवशी माग? देवीला काय तोंड दावायचं?"

"आण्णा, बाळ झोपंना."

"बाळ झोपंना म्हून माग लावतोस? उद्या बाळ जेवंना म्हून हाटेल काढशील."

"सुनेची परीक्षा हाय वर."

"परीक्षा वर आनी माग खाली? आमास्नी येडं समजलास व्हय?"

गल्ली जमली. मामा एकेकाला पहिल्यापासून समजावू लागले, पाकिटं आणि वाटांसकट. शेवटी खरंखोटं करायला गुणाबाईंना वर पाठवायचं ठरलं. दार ढकलून त्या सरळ माझ्या खांद्याशी आल्या. पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःचा चेहरा दिसताच त्यांनी पदर नीट केला, आणि खिडकीतून खाली हाक दिली, "व्हय ओ आण्णा, बसलीया खरंच. आनी मी बी दिसालोय हितं."

पहारेकऱ्यानं विचारलं, "ही व्यक्ती कोण?" मी टाइप करेपर्यंत पडदा पांढरा झाला. परीक्षा रद्द.

खाली मामांनी घाबरून माग बंद केला. ओवी उठली.

संध्याकाळी वार मोडल्याबद्दल देवीची ओटी भरून आलो. मग परीक्षावाल्यांना मी इंग्रजीत सविस्तर अर्ज लिहिला. धार्मिक दिवस, झोपेसाठी यंत्र, यंत्रामुळं जमाव. वाचून मलाच वाटलं, ही बाई काहीतरी लपवतेय. पण त्यांनी ऐकलं. आणखी एक संधी दिली. वर सौजन्यानं कळवलं, की यंत्राच्या एकसारख्या आवाजाला आमची कधीच हरकत नव्हती. हरकत फक्त माणसांच्या आवाजाला असते.

म्हणजे वर्षातल्या बाकी कुठल्याही दिवशी बसले असते, तरी चाललं असतं.

मॅनेजरनं सांगितलंय, ही शेवटची संधी. नाही झाली तर पुढच्या महिन्यात बंगळूर. परीक्षा येत्या गुरुवारी सकाळी आहे. माग चालू, ओवी झोपलेली, दाराला कडी, सगळं ठरलंय. एकच काळजी आहे. मामा म्हणतात, "गेल्या वेळी माझा पहारा कमी पडला, ह्या वेळी मी जिन्यात बसतो, तुझ्या दाराशीच."

म्हणून तुम्हाला विनंती आहे. गुरुवारी सकाळी वडगावात आलात, तर आमच्या घरात जरा डोकावून जा. चिंतामणीमामा जिन्यात बसलेले दिसले तर त्यांना चहाला बाहेर न्या. पावसापाण्याचं, नातीचं, काय वाटेल ते बोला. फक्त परीक्षा कसली, एवढं विचारू नका.