गोळाभाताची जाँच

दिवेलागण झाली की विभावरीला एकच घोर लागायचा. दिवेलागण हे आपलं म्हणायचं. दिवे कोणी लावतच नव्हतं. लढाई थांबल्याचं रेडिओनं सांगितलं होतं, पण जबलपुरातल्या फॅक्टऱ्या अजून रात्रंदिवस धडधडत होत्या आणि क्वार्टरांच्या खिडक्यांवरचा ब्लॅकआउटचा काळा कागद कोणी काढला नव्हता. त्या कागदाआड, वात बारीक केलेल्या कंदिलापुढं बसून विभावरी रोज एकाच प्रश्नाशी झुंजायची. आज रात्री काय करायचं?

नवऱ्याला विचारून उपयोग नव्हता. रत्नाकर फॅक्टरीत तोफेचे गोळे तपासायचा. दिवसभर लोखंडावर डोळे रोखून घरी आलेल्या माणसाला, आपण काय जेवलो हे आंचवल्यावरसुद्धा सांगता आलं नसतं. तो म्हणायचा, "काहीही कर." मुलगी बेबी म्हणायची, "कुछ भी," आणि ते कुछ भी ताटात पडलं की नाक मुरडायची. इथवर सगळं घरोघरी चालतं तसंच होतं. खरं दुखणं सासूबाईंचं होतं.

सत्यभामाबाईंचा धाकटा मुलगा अच्युत सीमेवर होता. लढाई थांबली तरी त्याचं पत्र आलं नव्हतं. सोमवारी रात्रीचं एक जेवण देशासाठी सोडा, असं सरकारचं सांगणं होतं. सत्यभामाबाईंनी आठवड्याचे सातही वार सोमवार करून टाकले. सकाळी चतकोर पोळी खायच्या, तीही सुनेनं फार गळ घातली तर. हातातली पाटली सैल होऊन कोपराकडे सरकू लागली होती.

"आई, दोन घास तरी," विभावरी म्हणायची.

"पोरगं तिकडं काय खाऊन राहिलं असेल, कोणास ठाऊक. माझ्या घशाखाली नाही उतरत, विभा."

अच्युत गेला तेव्हा स्टेशनवर एवढंच म्हणाला होता, "वहिनी, आईकडे तेवढं बघा." तो उद्या दारात उभा राहिला आणि आईची ही दशा पाहिली, तर त्याला काय तोंड दाखवायचं? विभावरीनं पिठलं करून पाहिलं, भरीत करून पाहिलं, तेलाचा विचार न करता कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यासुद्धा तळून पाहिल्या. सासूबाई वासाचं कौतुक करायच्या आणि उठून जपमाळ घ्यायच्या. शेवटी एका दुपारी विभावरीला एकदम गोळाभात सुचला. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्याचे तिखटमीठ घातलेले गोळे भातात वाफवायचे, पानात फोडायचे आणि वरून कडकडीत तेल ओतायचं. नागपूरकडचा माणूस गोळाभाताला नाही म्हणाला, असं तिनं अजून ऐकलं नव्हतं.

आनंद झाला की तो कोणाला तरी सांगावा लागतो. अंगणाच्या भिंतीपलीकडे शेजारच्या शकुताई नळावर बादली भरत होत्या. नळ जोरात वाहत होता, म्हणून विभावरीनंही आवाज चढवला.

"शकुताई, मी आज गोळे करून राहिली!"

"अरे वा! कितीक?"

"पातेलंभर! मुद्दाम आईंसाठी. पाहते कशा उडवत नाहीत!"

"अन् तेल? तेलाशिवाय काय मजा!"

"ते हे आणून राहिले ना फॅक्टरीतून! हे आले की आठ वाजता फोडू!"

"चलो, मग मलाही आवाज दे!"

या बोलण्यात कुठं काही खोट होती का? नव्हती. पण बाहेर गल्लीत वॉर्डन तिवारीजी उभे होते. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला हा माणूस डोक्यावर लोखंडी टोप चढवून रोज अंधाराची राखण करायचा. शत्रूचा हेर आपल्याच गल्लीत सापडणार याची त्यांना खात्री होती. आजवर सापडल्या होत्या त्या काही पेटत्या विड्या आणि एक काजवा. मराठी त्यांना चार घरं ऐकून अर्धीमुर्धी समजायची, आणि अर्धवट समजणं हे मुळीच न समजण्यापेक्षा वाईट. गोला म्हणजे काय हे जबलपुरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तो फॅक्टरीतून येणाऱ्या तेलानं आठ वाजता फुटणार होता, आणि त्यानं घरातली म्हातारीसुद्धा उडणार होती. तिवारीजींनी शिट्टी दातांत धरली आणि कडुनिंबाआड दबा धरला.

रत्नाकर आला तो कोटाखाली डबा लपवून. फॅक्टरीच्या सोसायटीत तेल आलं होतं, आणि उघडा डबा गल्लीतून नेला तर वाटीवाटीनं वाटण्यातच संपला असता.

"हाथ ऊपर!" अंधारातून आवाज आला.

रत्नाकरनं एकच हात वर केला. दुसरा वर केला असता तर तेल सांडलं असतं, आणि लढाईच्या दिवसांत तेल सांडून घरात जाण्याची त्याची छाती नव्हती.

"कोट के अंदर क्या है?"

"तेल."

"काहे का तेल?"

"अब वो घर में पूछना पड़ेगा," रत्नाकर खरं तेच बोलला.

दारात उभ्या असलेल्या बेबीनं वडिलांना मदत केली. "गोलों के लिए! मम्मी ने दादी के लिए इत्ते बड़े-बड़े गोले बनाए हैं!"

तिवारीजींनी अशी शिट्टी फुंकली की साऱ्या गल्लीच्या खिडक्या किलकिल्या झाल्या. विभावरी पदराला हात पुसत धावत बाहेर आली. समोर नवरा एक हात वर करून उभा, आणि तिवारीजी म्हणत होते, "सिक्योरिटी दफ्तर चलना पड़ेगा, बाबूजी. फ़ैक्टरी का मामला है."

गोळे तपासणाऱ्या माणसावर गोळ्यांचा संशय! उद्या निर्दोष सुटला तरी फॅक्टरीचं फाटक त्याला पुन्हा उघडणार नव्हतं.

"भैयाजी, पहले चलकर देख तो लीजिए," ती कशीबशी म्हणाली.

स्वयंपाकघरात तिनं झाकण काढलं. वाफ वर आली, भाताचा आणि हिंगाचा वास सुटला. तिवारीजी वाकून बराच वेळ पातेल्यात बघत राहिले. चूक झाली हे त्यांना कळलं असावं, पण बाहेर गल्ली जमली होती. शिट्टी फुंकून झालेल्या माणसाला तसंच परत जाता येत नाही.

"दिखने में तो खाने की चीज़ है," ते गंभीरपणे म्हणाले. "कोई खाकर दिखाए."

रत्नाकर पुढं झाला. "आप नहीं. आप पर ही तो शक है." विभावरी पुढं झाली. "आप भी नहीं, आपने बनाया है." बेबीनं हात पुढं केला. "बच्चों की गवाही नहीं चलती." मग त्यांचं बोट देवघरापाशी बसलेल्या सत्यभामाबाईंकडे वळलं. "माताजी खाएँगी."

"मी रात्री जेवत नाही," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"अच्छा!" तिवारीजींच्या भुवया टोपात शिरल्या. "घर का आदमी ही नहीं खा रहा! फिर इसमें है क्या?"

विभावरी सासूकडे बघत राहिली. एका मुलासाठी अन्न सोडलेलं, आणि आता ते सोडणंच दुसऱ्या मुलाच्या नोकरीच्या मुळावर येत होतं. सत्यभामाबाई जपमाळ ठेवून उठल्या, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "वाढ."

विभावरीनं भात वाढला, त्यावर गोळा फोडला, वरून तेल ओतलं. चर्र आवाज झाला तसे तिवारीजी दोन पावलं मागं सरले. सत्यभामाबाईंनी औषध घ्यावं तसा पहिला घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला त्यांनी तेल मागून घेतलं.

"एक से क्या पता चलता है," तिवारीजी म्हणाले. "नीचेवाला भी देखना पड़ेगा."

"काहून रे?" सत्यभामाबाई कडाडल्या. "माझा अच्युत तिकडं सीमेवर, अन् तू माझ्या घरात हेर शोधून राहिला? वाढ गं विभा, तळातला वाढ. पाहू दे याला!" आणि रागाच्या भरात त्यांनी तळातला गोळाही संपवला.

तिवारीजींनी डोक्यावरचा टोप काढला. "माताजी, बेटा फ़ौज में है?" त्यांनी हळूच विचारलं. मग बाहेर जाऊन गल्लीला सांगितलं, "जाँच हो गई. सब ठीक है."

विभावरीनं ते उष्टं ताट उचललं आणि मोरीत जाऊन पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पानं मांडायच्या वेळी तिवारीजी पुन्हा दारात. "माताजी, कल तो गोले थे. आज क्या है? जाँच करनी पड़ेगी."

"मग बाहेरून काय जाँच करून राहिला?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "विभा, याचंही पान मांड. ज्याला शंका, त्यानं बरोबर बसून खावं."

मग तो रिवाजच पडला. तिवारीजी यायचे, टोप खुंटीला अडकवायचे, सत्यभामाबाईंसमोर बसायचे. बाईंनी घास घेतल्याशिवाय तिवारीजी घेत नसत, आणि तिवारीजींनी घेतल्याशिवाय बाई पुढचा घेत नसत. पाटली हळूहळू मनगटावर परत आली.

आणि एके दिवशी अच्युतचं कार्ड आलं. खुशाल आहे, थंडी फार आहे, आईला नमस्कार. सत्यभामाबाईंनी ते देवापुढं ठेवलं आणि कितीतरी वेळ हात जोडून बसल्या. विभावरीला वाटलं, सुटलो. आजपासून जाँचही नको.

संध्याकाळी तिवारीजी मागच्या दारानं आले. "बहूजी, सुना चिट्ठी आ गई. भगवान की किरपा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सच कहें तो हमें शाम को भूख लगती ही नहीं. घरवाली गुज़र गई, तब से एक ही वक़्त खाते हैं. माताजी की ख़ातिर बैठ जाते थे. पर एकदम से आना बंद करें और वो फिर छोड़ दें तो? थोड़े दिन और आ जाते हैं. उनसे कहिएगा मत."

विभावरीनं मान डोलावली आणि ती आत आली. सत्यभामाबाई भिंतीला टेकून तिचीच वाट बघत होत्या.

"आला का तो? हे बघ विभा, मला काही रात्रीची भूक नाही. पण एकटा जीव आहे बिचारा, मी बसले नाही तर ताटाला हात लावत नाही. त्याच्यासाठी म्हणून इतके दिवस गिळून राहिली. आता पत्र आलं म्हणून त्याला कसं टाकू? त्याला मात्र बोलू नको हं. माणसाला लाज वाटते."

"नाही बोलत, आई," विभावरी म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, म्हणून तिनं तोंड चुलीकडे केलं.

त्या रात्री भूक नसलेल्या त्या दोघांनी एकमेकांच्या काळजीपोटी तीनतीनदा भात मागून घेतला. रत्नाकर उशिरा आला तेव्हा पातेल्यात खरवड तेवढी उरली होती. तीच तो खाऊन उठला.