फ्रेमचा चौथा पर्याय

अमरेश सरांनी मोटर जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि ताट मांडीवर घेतलं. पंधरा दिवस घरात हे असंच चाललं होतं. मोटर तीन किलोवॅटची, सायकलच्या मागच्या चाकाच्या मधोमध बसणारी. तिच्यासाठी त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक सेल जोडून बॅटरी बांधली होती. कंट्रोलर आला होता, वायरी आल्या होत्या, ब्रेकही आले होते. राहिली होती फक्त फ्रेम, म्हणजे हे सगळं ज्यावर चढवायचं तो सायकलचा सांगाडा, आणि तो काही केल्या ठरत नव्हता.

"अहो, मला बघायला उदगीरला आलात तेव्हा वीस मिनिटांत हो म्हणालात," वर्षाराणी पोळी वाढत म्हणाली. "सायकलच्या सांगाड्याला पंधरा दिवस?"

"तुझ्यावर तीन हजार वॅटचा ताण पडणार नव्हता."

"किती पडतो ते मला विचारा," ती म्हणाली, आणि मोटर उचलून तिनं टेबलावर आमटीचं भांडं ठेवलं.

अमरेश सर लातूरच्या मल्लिकार्जुन सरांच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवत. साधंसुधं नव्हे, पहिल्या बॅचला. पहिली बॅच म्हणजे चाचणीतून निवडलेली साठ पोरं, एसीची खोली आणि शहरभर लागणाऱ्या फ्लेक्सवर सरांचा फोटो. शेवटची बॅच म्हणजे तिसऱ्या मजल्यावर पत्र्याखाली बसलेले, परीक्षा पुन्हा देणारे रिपीटर. या दोहोंच्या मध्ये मल्लिकार्जुन सरांचा एक नियम उभा होता. ज्या शिक्षकाची उत्तरसूची चुकेल, तो पत्र्याखाली जाईल. केमिस्ट्रीचे एक सर एका आकड्यापायी वर गेले होते, ते दोन वर्षं झाली खाली आले नव्हते. अमरेश सरांची सूची चार वर्षांत एकदाही चुकली नव्हती, आणि या गोष्टीचा त्यांना मोटरीइतकाच अभिमान होता.

रविवारी निवड चाचणी होती. शनिवारी दुपारी सर पेपर काढायला बसले. अठ्ठावीस प्रश्न झाले आणि एकोणतिसाव्याला हात आपोआप फ्रेमकडे वळला. तीन किलोवॅटची मोटर, शंभर न्यूटन-मीटरचा पीळ म्हणजे टॉर्क, बसणारा माणूस सत्तर किलोचा. तर खालीलपैकी सर्वात योग्य फ्रेम कोणती? तीनशे बारा हुशार पोरं फुकटात डोकं चालवतील, या विचारानं सरांना गुदगुल्या झाल्या. पर्याय ए, जुनी काळी डबल दांड्याची सायकल. बी, अल्युमिनियमची गिअरवाली. सी, लेडीज सायकल. डी सुचेना. चार पर्याय तर हवेतच, त्याशिवाय प्रश्न कसा होणार? त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या हॉस्टेलवर लोखंडी कॉट उतरत होते. सरांनी लिहिलं, डी, कॉटच्या पाइपची वेल्डिंग केलेली फ्रेम. मग उत्तरसूचीत बी टाकलं. वजन कमी तर वेग जास्त, एवढं तर नववीतलं पोरगंही सांगेल.

सोमवारी सूची फळ्यावर लागली. बहुतेकांचं उत्तर बी होतं, काहींचं ए, थोड्यांचं सी. डी लिहिणारी तीनशे बारा जणांत एकच निघाली, आलिया नावाची मुलगी. बरोबर उत्तराचे चार आणि चुकीचा उणे एक, असे तिचे पाच गुण गेले आणि यादीत ती एकसष्टावी आली.

लातुरात पालक वर्तमानपत्राआधी उत्तरसूची वाचतात. मंगळवारी सकाळी सातला जळकोटचे सटवाजी क्लासच्या दारात हजर होते. मुलाच्या कोचिंगसाठी त्यांनी लातुरात खोली घेतली होती, स्वतः भाकरी थापत होते, आणि मुलगा क्लासला गेला की दिवसभर क्लासच्याच फाटकाशी बसत होते.

"सर, ए कसं काय चूक वो?" ते म्हणाले. "आमच्या गावात डबल दांड्यावर क्विंटलभर ज्वारी येती."

"काका, ज्वारी पीळ देत नाही. मोटर देते."

"मग लेकरानं ज्वारी बघितली, मोटर कुठं बघितली? गुण द्या."

दुपारपर्यंत असे चाळीस अर्ज झाले. सी लिहिणाऱ्या मुलींच्या आया म्हणत होत्या की लेडीज सायकलला मुद्दाम कमी लेखलंय. सर प्रत्येकाला सूत्र दाखवून परत पाठवत होते. एक्केचाळिसावा माणूस मात्र सूत्राकडे बघेना. तो गुलाम रसूल होता, आलियाचा बाप. शहरातल्या अर्ध्या हॉस्टेलांचे कॉट त्याच्या वेल्डिंगच्या दुकानातून गेले होते. हात काळे, पण हातातला आक्षेप अर्ज मात्र पोरीच्या टपोऱ्या अक्षरातला, कुठं डाग नाही.

"सर, मोटर एक्सलला, चाकाच्या आसाला, पिळणार," तो शांतपणे म्हणाला. "एक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच अल्युमिनियमची असली तर फाटणार. कायको इतकं हलकं घेऊन राहिले?"

"गुलामभाई, तुमच्या कॉटच्या पाइपची फ्रेम चाळीस किलोची होईल."

"होऊ द्या की. मोटर तीन किलोवॅटची हाय ना? मग वजन तिनं ओढायचं का तुम्ही?"

अमरेश सरांनी सूत्राचा कागद खाली ठेवला. पंधरा दिवसांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता.  उत्तरसूचीची धास्ती आणि फ्रेमची आशा दोन्ही एकदमच आली. कारण फ्रेम मिळत होती, पण ती मिळाली की पहिली बॅच जात होती.

"मी चौथा पर्याय विचार करूनच दिलेला आहे," सर म्हणाले. हे त्यांचं आठवड्यातलं सगळ्यात मोठं खोटं होतं.

मल्लिकार्जुन सर धोरणी माणूस. चाळीस पालक फाटकाशी आणि शेजारच्या क्लासचे लोक गच्चीवरून बघतायत, हे पाहून त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. "गुरुवारी चार वाजता मागच्या मैदानावर प्रात्यक्षिक होईल. चारी पर्याय चालवून बघू. आमच्या क्लासमध्ये लपवाछपवी नसते." मग हळूच अमरेश सरांच्या कानात म्हणाले, "उत्तर 'बी'च निघेल ना? निवड यादीचा फ्लेक्स छापून आलाय."

"निघेल," अमरेश सर म्हणाले. 

बुधवारी संध्याकाळी ते क्लास सुटल्यावर घरी न जाता गुलाम रसूलच्या दुकानात गेले. नुसतं बघायला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. तिथं फ्रेम जवळजवळ तयार होती. जाड पाइपचा त्रिकोण, त्यात बॅटरी मोजून घेतल्यासारखी बसेल एवढी जागा. मागं एक्सलसाठी दहा मिलिमीटरची पोलादी पट्टी, आणि प्रत्येक जोडावर एक जास्तीचा तिरका आधार.

"इतके आधार कशाला?" सरांनी विचारलं.

"सवय हाय सर. भूकंप झाला तवा मी गवंड्याच्या हाताखाली होतो, किल्लारीकडं. दगडाच्या भिंती मीबी रचल्या होत्या. त्या कशा पडल्या ते बघितलं आन् थापी ठेवून दिली." गुलाम रसूलनं जोडावर बोट फिरवलं. "तवापासून लोखंड. माझ्या कॉटवर छत जरी पडलं ना, खालचं लेकरू वाचलं पाहिजे. लोक म्हणत्यात जड करतो. करतो मी जड."

 सरांनी फ्रेमवर हात ठेवला. ती हलली नाही. मनातल्या मनात ते तिच्यावर बसून पार उदगीरपर्यंत जाऊन आले होते.

गुरुवारी मैदानावर जत्रा भरली. भज्यांचा गाडा लागला, शेजारच्या तीन क्लासांनी पोरांना सुट्टी दिली, कुणीतरी माइकही आणला. मोटरीचं चाक आणि बॅटरी एकच, ती फ्रेमवरून फ्रेमवर चढणार होती, आणि चढवायचं काम गुलाम रसूलकडे होतं.

पहिली ए. सटवाजींनी ती जळकोटहून एसटीच्या टपावर टाकून आणली होती. सर दोनदा नीट निघाले. तिसऱ्यांदा निघताना मागची खाच वाकली आणि चाक फ्रेमला घासून उभं राहिलं.

"ज्वारीला असं कधी झालं न्हवतं," सटवाजी माइकवर म्हणाले.

मग सी. ती वर्षाराणीची, दहावीला चांगले गुण पडले म्हणून वडिलांनी घेऊन दिलेली. "चालवायची तर मीच," असं म्हणून तिनं पदर खोचला. वरचा दांडा नसल्यानं बॅटरी कॅरियरवर बांधावी लागली. सायकल निघाली तशी पुढचा भाग एकीकडे आणि मागचा दुसरीकडे जायला लागला. वर्षाराणीनं शांतपणे ब्रेक दाबला, उतरली, बॅटरी सोडवली आणि म्हणाली, "हिला बाजारातच नेऊ द्या."

तिसरी बी. चकचकीत, लाल, एका हातानं उचलावी अशी. सरांनी हँडलची मूठ पिळली आणि सायकल जागची उडालीच. वीस पावलं त्यांनी जन्मात अनुभवला नव्हता असा वेग अनुभवला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मल्लिकार्जुन सरांनी टाळ्या वाजवल्या. मग कट्‌ असा आवाज झाला. खाच फाटली, एक्सल जागेवर गरगरा फिरला, त्यानं सगळ्या वायरी स्वतःभोवती गुंडाळून घेतल्या आणि चाक बाजूला पडलं. फ्रेम आणि सर थोडं अंतर तसेच पुढं गेले आणि मातीत बसले.

सरांना खरचटलंसुद्धा नव्हतं. फक्त उत्तरसूची गेली होती, आणि ते मैदानावरच्या प्रत्येकाला दिसलं होतं.

वायरी जोडायला अर्धा तास गेला. मग हॉस्टेलच्या कॉटचाच हिरवा रंग लावलेली डी आली. तिला उचलायला दोन माणसं लागली. सर बसले, मूठ पिळली, आणि ती निघाली. ना डुलली, ना कुरकुरली. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला सर फाटकातून बाहेर पडले आणि दिसेनासे झाले. रिंग रोडवर वारा कानात घुसत होता. पंधरा दिवसांची सगळी कोष्टकं डोक्यातून उडून गेली होती आणि चाळीशीला टेकलेले अमरेश सर एकटेच मोठमोठ्यानं हसत होते. इतका आनंद त्यांना स्वतःचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता. बारा मिनिटांनी ते परत आले तेव्हा केस उभे होते आणि डोळ्यांत पाणी होतं. ते वाऱ्यानं आलं असं त्यांनी सांगितलं.

मल्लिकार्जुन सर त्यांना बाजूला घेऊन गेले. "ऐका, सर. प्रश्न वादातला म्हणू. आहेत त्या गुणांवर सगळ्यांना सरसकट चार गुण बोनस. क्रम बदलत नाही, फ्लेक्स बदलत नाही. तुमची सूची चुकली असंही होत नाही. पहिली बॅच तुमचीच."

अमरेश सरांनी मान हलवली. हो म्हणायला तोंड उघडलंही. तेवढ्यात आलिया पुढं आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सर, बोनस नको," ती म्हणाली. "बरोबर काय ते सांगा."

गुलाम रसूल लांब उभा राहून नट पिळायचे पाने पुसत होता. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. सरांनी हिरव्या फ्रेमकडे पाहिलं.  त्यांनी सटवाजींच्या हातून माइक घेतला.

"प्रश्न क्रमांक एकोणतीस. माझं उत्तर चूक होतं. बरोबर उत्तर डी. आलियाला गुण मिळतील."

आलिया सत्तावन्नावी आली. फ्लेक्स पुन्हा छापला गेला आणि त्यावर अमरेश सरांचा फोटो नव्हता. नियम तो नियम, मल्लिकार्जुन सर म्हणाले. सोमवारी सर पत्र्याखाली गेले. रिपीटर पोरं मान खाली घालून बसली होती. सरांना शिकवायला सुचेना, तेव्हा त्यांनी सगळ्यांना खाली अंगणात नेलं, हिरव्या सायकलभोवती उभं केलं आणि पीळ म्हणजे काय ते सांगायला लागले. पोरं आळीपाळीनं पाना घेऊन नट पिळत होती. तास संपल्याची घंटा कुणालाच ऐकू गेली नाही.

आठवड्यात वर्षाराणीनंही दोनदा त्या सायकलवरून बाजार केला. टेबल रिकामं झाल्यावर तिची काही तक्रार उरली नव्हती.

शनिवारी सर क्लासला आले तर ऑफिसपासून फाटकापर्यंत पालकांची रांग. सगळ्यांत पुढं सटवाजी.

"सर, सायकलवर शिकवत्यात ती बॅच कोणती? आमच्या लेकराला तिथं टाका," ते म्हणाले. "तिकडं कायतरी वेगळंच देऊन राहिलेत म्हणं."

मल्लिकार्जुन सर रांगेकडे हताशपणे बघत होते. पहिल्या बॅचच्या साठांपैकी एक्केचाळीस पालक रांगेत आहेत, असं त्यांनी सांगितलं. अमरेश सर रांगेच्या कडेनं चालत गेले. शेवटी गुलाम रसूल उभा होता, काळ्या हातात टपोऱ्या अक्षरातला अर्ज घेऊन.

"गुलामभाई, तुम्हीसुद्धा? आलियाला पहिली बॅच मिळाली ना?"

"मिळाली सर. मेहेरबानी तुमची." त्यानं खाली बघत अर्ज पुढं केला. "पण पोरगी आयकून न्हाई राहिली. तिथून काढा म्हणती."

सरांनी अर्ज उघडला. कारणाच्या रकान्यात आलियानं एकच ओळ लिहिली होती. 'पहिल्या बॅचला नुसता फळा आहे.'