आप्पांनी शिवलेले शेवट

आमच्या वाचनालयातल्या एकाही कादंबरीचा शेवट वाचता येत नाही. शेवटचं प्रकरण सुतळीनं शिवलेलं असतं. हा उद्योग आमच्या ग्रंथपालांचा, म्हणजे आप्पांचा. त्यांची उमेदीची सगळी वर्षं शिरूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या शिवण्यात गेली. गोण्या सुटल्या, दाभण काही सोडवत नाही.

वाचनालयात त्यांनी सगळ्या अद्भुत कादंबऱ्या भरल्या. परग्रह, चेटकिणी, उडती जहाजं. "संसाराची गोष्ट घरोघरी रोजच चालू हाय," ते म्हणायचे, "ती आन् वाचायची कशाला?"

पुस्तक मात्र माणूस बघून सुचवायचे. बोअर आटली म्हणून तोंड पाडून आलेल्या बबनला त्यांनी नुसत्या समुद्राच्या ग्रहाची कादंबरी दिली. "घे, डोळ्यानं तरी भिज." सुनेशी भांडून आलेल्या शेवंतामावशींना चेटकिणींच्या राज्याची. "मावशी, ह्यात तुमच्यापरीस खाष्ट हाय एक." मावशी फणकारल्या, पण पुस्तक घेऊन गेल्या.

नियम असा, की शिवणीपर्यंत घरी वाचायचं आणि मग वाचनालयात यायचं. आप्पा चहा सांगणार आणि विचारणार, "पुढं काय व्हईल, तुमचा अंदाज?" अंदाज ऐकल्याशिवाय सुतळी कापायची नाही. मग दोघांनी बसून शेवट मोठ्यानं वाचायचा. झाला की आप्पा पुढच्या वाचकासाठी परत शिवून ठेवणार.

सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. मग वैताग आला. बबन मला म्हणाला, "भाऊ, शेवटासाठी हेलपाटा कोण मारणार? मोबाईलवर गोष्ट लावली की शेवटासकट मिळती."

मी वाचनालयाचा सचिव. आप्पांपुढं डोकं आपटून झालं. "आप्पा, उसवा ते. तुमच्या सुतळीपायी वाचक तुटले." त्यांचं उत्तर ठरलेलं. "उसवल्यावर माणूस परत येईल कशाला?" माणसं यावीत म्हणून केलेल्या उपायानंच माणसं गेली, हे त्यांना कधी पटलं नाही. मी हात टेकले.

शेवटी ग्रामपंचायतीनं ठरवलं, की वाचक नाहीत त्या खोलीत व्यायामशाळा करायची आणि पुस्तकं तालुक्याला पाठवायची. काल संध्याकाळी आम्ही दोघं पुस्तकं गोण्यांत भरत होतो. गोण्यांची तोंडं आप्पाच शिवत होते, अगदी बाजारातल्या सवयीनं, भराभर. मला बघवेना.

भरता भरता बबनची ती समुद्राची कादंबरी हाताला लागली. पुस्तक त्यानं परत धाडलं होतं, पण शेवट ऐकायला तो आलाच नव्हता. मी सहज विचारलं, "आप्पा, यातलं जहाज किनाऱ्याला लागतं का हो?"

"मला काय ठाव?"

"म्हणजे? तुम्ही वाचली नाही?"

"शिवणीपत्तूर वाचली. शेवट कुणी आलं की वाचतो." त्यांनी टाका ओढला. "एकट्यानं न्हाई वाचवत. पुस्तक मिटलं की बोलायचं कुणाशी? घरात भिंती हायत नुसत्या."

म्हणजे कपाटातल्या बहुतेक कादंबऱ्यांचे शेवट या माणसाला ठाऊक नव्हते, आणि तो अख्ख्या गावाला त्या सुचवत होता. एरवी मी पोट धरून हसलो असतो. काल मी ती कादंबरी त्यांच्यापुढं धरली.

"उसवा," मी म्हणालो.

"आधी अंदाज."

"लागतं किनाऱ्याला."

"मला न्हाई वाटत," म्हणत त्यांनी सुतळी कापली आणि गोणीला टेकून बसले. मी मोठ्यानं वाचत गेलो. ते मध्येच "आता गं बया" म्हणायचे, मध्येच मान हलवायचे. शेवटचं एकच पान उरलं, तसा त्यांनी त्यावर हात ठेवला.

"आज एवढंच. ऱ्हायलेलं उद्या वाचू. याल न्हवं?"

सकाळी खोलीची किल्ली जमा करायची होती. ते त्यांनाही माहीत होतं.

"येतो की," मी म्हणालो. कुठं यायचं, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.